पांढरीतली माणसं

जवळा बाजारहून लिंबखेड्याला जाताना, पूर्णेच्या थोडं अलीकडे, डाव्या हाताला एक टेकाड लागतं. आजूबाजूचं सगळं रान काळंभोर, आणि मधेच ही राखाडी, भुसभुशीत, उन्हात डोळ्यांवर येणारी माती. गावातले लोक तिला पांढरी म्हणतात. पूर्वी भिंती लिंपायला सगळे इथूनच माती नेत. खणताना खापरं निघत, मणी निघत, कधीतरी हाड निघे. हाड निघालं की ते पुन्हा मातीआड करायचं आणि दुसरीकडे टिकाव मारायचा, एवढाच गावाचा आणि त्या टेकाडाचा संबंध.

डॉ. साक्षी वाठोरे तिथं गेली ती त्या हाडांसाठीच. ती मूळची हिंगोलीची. शिकली पुण्यात, आणि जुन्या हाडांवरून माणसाचं वय, आजार, कष्ट ओळखणं हे तिचं काम. उत्खननाचे प्रमुख गोरे सर तिचे जुने शिक्षक होते. त्यांनी फोन केला, "तुझ्या घराशेजारी साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालंय, येतेस ना?" तेव्हा ती दिवाळी उरकून लगेच आली.

गावात कोंडीबा आणि मालनबाई यांच्या घरची पुढची खोली तिला मिळाली. कोंडीबा टेकाडावर खणायला यायचा. त्याची आई रूपाबाई माती चाळायला बसायची. मालनबाई तान्ही पोर, यशो, कडेवर घेऊन दुपारी सगळ्यांचा चहा आणायची. सकाळी थंडी, दुपारी ऊन, चहूकडे तुरीचा पिवळा फुलोरा. साक्षीला कितीतरी वर्षांनी आपल्या मुलखात असल्यासारखं वाटत होतं.

आणि टेकाडातून जे निघत होतं ते खरोखर थक्क करणारं होतं.

कॉलेजची पोरं बघायला आली की गोरे सर खड्ड्याच्या काठावर उभे राहून सांगत. त्यांचा आवाज मोठा होता आणि सांगण्याची हौस त्याहून मोठी. "हे लोक आले तेव्हा कुडाच्या झोपड्यांत राहत असणार. लोखंड माहीत नाही, लिहिणं माहीत नाही. आणि पुढच्या काही पिढ्यांत काय केलं बघा. नदीचं पाणी पाट काढून गावापर्यंत आणलं. आजच्या इंजिनिअरनं काढला नसता इतका सरळ पाट. सगळ्या विटा एका मापाच्या. तांबं ओतायची भट्टी. मधोमध हे कोठार, चुन्यानं गुळगुळीत केलेलं, उंदीर शिरणार नाही असं. जव, मसूर, वाटाणा भरलेला. आजूबाजूच्या वस्त्या दुष्काळात उठून गेल्या. हे गाव जागचं हललं नाही."

पोरं फोटो काढत. रूपाबाई चाळण हलवता हलवता हसून म्हणे, "सर तर असं सांगून राहिले, जसं त्यांचं आजोळच व्हतं हितं."

घरांच्या जमिनीखाली त्या लोकांनी आपले मेलेले पुरले होते. सांगाडे उताणे, उत्तरेकडे डोकं, उशाला मडकं. आणि पावलं नव्हती. घोट्याच्या वर, नडगीवर, हाड कापलेलं. साक्षीला त्याचं नवल वाटलं नाही. महाराष्ट्रातल्या त्या काळच्या इतर वस्त्यांतही असे सांगाडे सापडलेले आहेत. मेलेल्यानं उठून चालत जाऊ नये म्हणून पावलं तोडत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. तिनंही विद्यार्थी असताना परीक्षेत तसंच लिहिलं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला तिनं वरच्या थरातली, म्हणजे त्या गावाच्या ऐन भरभराटीतली हाडं स्वच्छ करायला घेतली. एका बाईची नडगी हातात घेऊन ती कुंचल्यानं माती झाडत होती. कापलेल्या टोकाशी आली आणि थांबली. टोक गोल होतं. बोट फिरवलं तर कुठं धार लागत नव्हती. आतली पोकळी हाडानंच बुजून गेली होती.

तिनं दुसरी नडगी घेतली. मग शेजारच्या सांगाड्याची. मग पेटीतली सगळीच.

गोरे सर तंबूत जेवत होते. तिनं हाड त्यांच्यासमोर धरलं.

"सर, हे भरलंय."

"म्हणजे?"

"मेलेल्याचं हाड भरत नाही. पावलं कापली तेव्हा ही बाई जिवंत होती. नंतर पुष्कळ वर्षं जगली. सगळेच जगले."

सरांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला. "शिक्षा असेल. किंवा गुलाम असतील. एवढा पाट, एवढं कोठार फुकट बांधून होत नाही."

"हिच्या हातात तांब्याच्या बांगड्या होत्या, सर. गळ्यात अकीकाची माळ. हिला गावातल्या सगळ्यांत मोठ्या घरात पुरलंय. आणि एक पोर आहे. आठ-नऊ वर्षांचं. त्याचंही भरलेलं आहे."

सरांनी ताट बाजूला सारलं. दुपारी ते एकटेच खड्ड्यात उतरले आणि बराच वेळ एका घराच्या दारापाशी उकिडवे बसून राहिले. त्या घरांची दारं कमरेएवढी उंच होती. आतापर्यंत सगळ्यांनी ती थंडीवाऱ्यामुळे बुटकी ठेवली असं धरलं होतं. उंबऱ्याची माती दोन ठिकाणी खोल झिजली होती, गुडघे टेकून टेकून झिजावी तशी. सर वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "एवढ्यात कुणाला बोलू नकोस," इतकंच ते म्हणाले.

मग तळाचा थर लागला.

तिथं वेगळंच होतं. कुडाच्या झोपड्या, उंच दारं, आणि माणूस एकही नाही. चुलीवर भांडं तसंच. पाट्यावर अर्धे भरडलेले जव आणि वर वरवंटा. एका कोपऱ्यात मडक्याला नक्षी काढायला घेतलेली, ती मधेच सुटलेली. आग नाही, पूर नाही, मारामारीची खूण नाही. सगळं गाव हातातलं काम टाकून गेलं होतं. त्यावर नदीच्या गाळाचा पातळ थर, आणि त्या थराच्या वर नवं गाव. उरलेल्यांचं असावं. बुटक्या दारांचं, सरळ पाटाचं, भरलेल्या कोठारांचं.

कोठाराच्या उंबऱ्याखाली रांजण सापडले, ओळीनं पुरलेले. तोंडावर थापलेला चुना कोंडीबानं हलक्या हातानं सोडवला. आत पावलांची हाडं होती. मोठी, लहान, जोडीजोडीनं नीट लावलेली. बोटं सगळी एकाच बाजूला, उगवतीकडे.

कोंडीबा खड्ड्यातून बाहेर आला आणि त्यानं तोंड धुतलं. "बाई, हे काहून केलं असंल त्यांनी?"

साक्षी रांजणातल्या जोड्या पुन्हा मोजू लागली.

रांजण बाहेर काढून पेट्यांत भरले, पेट्या तंबूत ठेवल्या. त्या वेळी गावात हळद शिजायला लागली होती. कढयांचा धूर आणि तो उग्र, ओलसर वास टेकाडापर्यंत येई. दोन-तीन दिवसांनी असेल, दुपारचा चहा आला आणि सगळे बाभळीखाली जमले. रूपाबाईनं चाळण बाजूला ठेवली, पदरानं हात पुसले आणि ती टेकाड उतरून चालू लागली.

"आत्याबाई, चहा!" मालनबाईनं हाक मारली.

रूपाबाईनं मागं न बघता हात वर केला, येते म्हणून. ती आडोशाला चालली असेल असं सगळ्यांना वाटलं. ती ज्वारीत शिरली. ज्वारीची कणसं हलत हलत पुढे गेली. अगदी सरळ. वाट डाव्या अंगाला होती, ती तिनं घेतलीच नाही.

तिचा चहा निवून गेला तेव्हा कोंडीबा उठला.

संध्याकाळपर्यंत सगळं गाव रान पालथं घालत होतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांत कळवलं. ती मेलेली सापडली ती कळमनुरीच्याही पुढे, पैनगंगेच्या वाळूत. टेकाड चढताना दोनदा दम खाणारी म्हातारी, वाटेतली कयाधू ओलांडून, नांगरटीतून, काट्यांतून तिथवर गेली होती. वाटेत एका आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या वस्तीवरच्या, बाईनं तिला पाहिलं होतं. ती म्हणाली, आजीनं पाणी मागितलं, पण घ्यायला थांबली नाही. मी तांब्या घेऊन मागं पळत गेले, ती चालता चालता प्याली. रडत होती.

रूपाबाईला गोधडीत गुंडाळून आणलं. पायांकडची बाजू कोंडीबानं कुणाला उघडू दिली नाही.

गोरे सर आठवडाभर काम बंद ठेवू म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, हे त्यांनी साक्षीला दोनदा समजावून सांगितलं. तिनं मान हलवली. तिलाही तेच हवं होतं.

काम पुन्हा सुरू झालं त्या दिवशी परभणीहून काही शिक्षक बघायला आले. सर काठावर उभे राहून सांगू लागले. नदीचं पाणी, एका मापाच्या विटा, भट्टी. कोठारापर्यंत आले आणि बोलता बोलताच वळले. टेकाडाच्या उतारावरून खाली निघाले. आवाज मात्र चालूच होता. शिक्षकांना वाटलं आता पाट दाखवायला नेतात. ते मागोमाग निघाले. सरांनी पाट ओलांडला.

साक्षी धावली. "सर! कुठे चाललात?"

त्यांनी मान वळवून पाहिलं. चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं, भर सभेत धोतर सुटावं तसं. "साक्षी," ते हळूच म्हणाले, "थांबता येत नाहीये गं."

"म्हणजे काय, सर?"

"मला धर. लवकर धर."

कोंडीबा आणि आणखी चौघांनी मिळून त्यांना खाली बसवलं. सर बसले. त्यांचे पाय हलतच होते. उजवा, डावा, उजवा, डावा. टाचांनी मातीत दोन चर पडले. एका शिक्षकानं जीप आणली. हिंगोलीपर्यंत साक्षी त्यांचा हात धरून बसली होती. सर मागच्या सीटवर आडवे होते आणि बूट दाराच्या पत्र्यावर एका लयीत आपटत होते. औंढ्याच्या आसपास त्यांनी डोळे मिटले. "कुणी बोलवत नाहीये," ते म्हणाले. "काही दिसत नाही, ऐकू येत नाही. तेच तर."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. घरच्यांनी त्यांना मोठ्या शहरात हलवलं. औषधांनी पाय थांबले. दोन आठवड्यांनी खाटेचे पट्टे सोडले, त्याच दुपारी ते गेले. अजून सापडलेले नाहीत.

उत्खनन थांबलं. गावानं सांगितलं, निघालं ते जसंच्या तसं परत ठेवा. साक्षीनं वरच्या लोकांशी भांडून तशी परवानगी मिळवली. रांजण तिनं स्वतः उंबऱ्याखाली उतरवले, ओळीनं, बोटं उगवतीकडे. वर चुना थापला. माणसं घमेल्यांनी माती लोटत होती आणि ती काठावर उभी राहून बघत होती. सगळं पुन्हा दिसेनासं होत चाललं होतं.

एकदम कुणीतरी तिला मागून खाली खेचलं.

ती तोंडावर पडली. तोंडाखाली पांढरी माती नव्हती, काळी होती. ज्वारीची धसकटं गालाला टोचत होती. कोंडीबा धापा टाकत होता आणि त्यानं तिचे दोन्ही घोटे गच्च धरले होते. टेकाड मागं, पार लांब राहिलं होतं.

"कुठं निघाला होता, बाई?"

"मी कुठे निघाले नव्हते," ती म्हणाली. आणि ते खरं होतं. ती काठावर उभीच होती. फक्त पायांखाली उतार होता. उतारावर पावलं आपोआप पडतात ना, तसं. तिनं मान उचलून पाहिलं. रान तळहातासारखं सपाट होतं.

त्याच दिवशी तिनं लिंबखेडा सोडलं. कोंडीबानं तिची बॅग डोक्यावर घेतली, मालनबाई यशोला घेऊन फाट्यापर्यंत आली. एस.टी. येईपर्यंत तिघंही एकमेकांना धरून उभी होती.

पुण्यात तिला बरं वाटलं. कधीतरी, भांडी घासताना नाहीतर वर्गात शिकवताना, टाचेखाली तो उतार यायचा. मग ती पटकन खाली बसायची. मालनबाईचा फोन महिन्याकाठी येई. आधी सांगायची, शिंप्याची सून चालत गेली. धर्मसिंगाचा थोरला गेला. पेरणी चालू असताना दोघं भाऊ तिफण टाकून गेले. म्हणे दाराला कडी घालून बसलो, पाय बांधून निजलो, तरी जातच राहिले. लोक गाव सोडून पाहुण्यांकडे गेले, तिथूनही गेले. मग पोळ्यानंतर एकदा ती म्हणाली, "आता कुणी जात न्हाई, बाई."

"कसं थांबलं?"

"या कधी तरी."

साक्षी पुढच्या वैशाखात गेली. फाट्यावर उतरली तेव्हा दुपार कलली होती. ऊन भाजत होतं, पण लिंबखेड्याच्या शिवारात ऊस आणि भाजीपाला हिरवागार उभा होता. तिनं असं हिरवं तिथं कधी पाहिलं नव्हतं. पांढरीच्या पायथ्याचा जुना पाट कुणीतरी नव्यानं उकरला होता. आखल्यासारखा सरळ. त्यातून पाणी वाहत होतं.

गल्लीत कुणी हिंडत नव्हतं. माणसं ओट्यांवर बसलेली होती. तिला ओळखून जयभीम, रामराम घालत होती. हसत होती. एवढ्या उन्हाचं प्रत्येकाच्या मांडीवर काहीतरी पांघरलेलं होतं. वाकळ, चादर, जुनं लुगडं.

"या, बाई," मालनबाई आतून म्हणाली. "खालीच बसा."

ती आणि कोंडीबा भिंतीला टेकून बसले होते, दोघांवर मिळून एक गोधडी. घर स्वच्छ होतं. चूल, मांडणी, पाण्याचा माठ, सगळं बसल्या जागी हाताशी येईल असं खाली मांडलेलं. मालनबाईनं बसल्या बसल्या चहा गाळला आणि बशी जमिनीवरून तिच्याकडे सरकवली.

"यंदा हळद लई चांगली झाली," कोंडीबा म्हणाला. "गावात इतकं कधी पिकलं न्हाई. भांडण न्हाई, तंटा न्हाई. सगळे मिळून करून राहिलो."

साक्षीनं चहा घेतला नाही. "कोंडीबा, रांजण तर आपण परत ठेवले होते."

"ठेवले व्हते की."

"मग?"

त्यानं गोधडी जरा नीट केली. "ते त्यांचे व्हते, बाई."

आतल्या खोलीतून यशो आली. गुडघ्यांवर, हातांवर, फार चपळ. साक्षीच्या मांडीला धरून खुदकन हसली. दोन वर्षांची झाली असावी. तिच्या लांब झग्याला खालून गाठ मारलेली होती.

"केवढी झाली गं," साक्षी म्हणाली. आपला आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "चालायला लागली का?"

मालनबाईनं लेकीचं नाक पदरानं पुसलं. "न्हाई," ती मायेनं म्हणाली. "लागू दिलं न्हाई."

बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. त्याचा आवाज घरात येत होता.

साक्षी उठली. "येते मी."

"या."

कुणीच उठलं नाही. उंबऱ्याशी ती पोचली तेव्हा कोंडीबानं हाक मारली. "बाई. तुमाला अजून तसं व्हतं का?"

"नाही."

तो तिच्या पायांकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत नुसती काळजी होती. "व्हायला लागलं तर हिकडंच या. एकट्यानं व्हत न्हाई ते."

ती बाहेर आली. ओट्याच्या पायरीशी तिच्या चपला होत्या. तिनं एक पाय चपलेत घातला आणि मान वर करून गल्लीकडे पाहिलं. दोन्ही अंगाला घरं, घरांत माणसं, आतून बोलण्याचे, हसण्याचे आवाज. पार वेशीपर्यंत कुणाच्याही दारात एकही चप्पल नव्हती.